हजेरीची सही

"दोन शब्द बोला, सोजरबाई," देवस्थळी सर म्हणाले आणि माईक त्यांच्यापुढे सरकवला.

सोजरबाईंनी आधी खांद्यावरची शाल नीट केली. ती शाल त्यांना पाचच मिनिटांपूर्वी मिळाली होती. मग नारळ खुर्चीवर ठेवला, माईककडे एकदा पाहिलं आणि त्याला हात न लावताच बोलायला सुरुवात केली. त्यांना माईकची गरज नव्हती. तीस वर्षं मंडईत ओरडून मेथी-कोथिंबीर विकलेला आवाज होता तो.

"मला भाषान येत न्हाई. तुमी मोठी मान्सं, बोलीवलं, शाल दिली, बरं वाटलं. पर आता इचारताय तर एक सांगते. मी सकाळी सातच्या यष्टीनं येते आन् सांजच्याला सातच्या यष्टीनं जाते. मदल्या बारा घंट्यांत बाईमान्सानं लघवीला जायाचं कुटं, तेवडं कुनी तरी सांगा."

सभागृहात चाळीसेक माणसं होती. कुणीतरी मागे खुसकन हसलं. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मान खाली घातली. वक्ते पंख्याकडे पाहू लागले.

ही गोष्ट कासारवेढ्याची, नव्याण्णव सालच्या मार्चची. आमच्या गावात तेव्हा 'विचारमंथन मंडळ' होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नगर वाचनालयाच्या सभागृहात बैठक भरे. नगरपालिकेचा कारभार, पाणीयोजना, रस्तारुंदी, शाळा, असे गावाचे विषय तिथे चर्चेला येत. डॉक्टर, वकील, शिक्षक, दोन-चार व्यापारी असे सगळे जाणते लोक. अध्यक्ष प्राचार्य देवस्थळी सर. ते मला कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवायला होते. ग्रामसभा म्हणजे लोकशाहीचं मूळ, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि खरं मानलं. पुढे तेच वाचनालयाचेही अध्यक्ष झाले आणि त्यांनीच मला तिथे सहायक म्हणून घेतलं. पुस्तकं देणं-घेणं, वर्तमानपत्रं लावणं आणि मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, ही माझी कामं. माझं अक्षर चांगलं होतं. सर म्हणत, "शैलजा बारटक्केच्या अक्षरात लिहिलेलं खोटं वाटतच नाही." मला त्याचा अभिमान वाटे.

त्या दिवशीचा विषय होता, 'स्थानिक स्वराज्य संस्था आणि महिलांचा सहभाग'. महिला दिन तोंडावर होता म्हणून तीन महिलांचा सत्कार ठेवला होता. एक डॉक्टरबाई, एक मुख्याध्यापिका आणि कष्टकरी महिलांची प्रतिनिधी म्हणून सोजरबाई माळी. सोजरबाईंचं नाव मीच सुचवलं होतं. वाचनालयाला लागूनच मंडई. त्यांच्याकडूनच मी रोज भाजी घ्यायची.

"सोजरबाई," सर हसून म्हणाले, "तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण आज आपण जरा व्यापक बोलतोय. धोरणाच्या पातळीवर."

"धोरन म्हंजे मला ठावं न्हाई, सर. आमी सकाळपास्नं पानीच पीत न्हाई. पेलं तर जायाचं कुटं? गड्यामान्सांचं बरं हाय, भिंत दिसली की झालं. ह्या वाचनालयाची मागली भिंत बगा की. आमी काय करावं?"

नगरसेवक उत्तमराव लिगाडे पाहुणे म्हणून व्यासपीठावर होते. ते घाईने उठले. "मावशी, होणार, होणार! मंडईच्या मागं ती मोकळी जागा आहे ना, वाचनालयाच्या भिंतीला लागून? ती नगरपालिकेच्या आराखड्यात बायकांच्या स्वच्छतागृहासाठीच राखून ठेवलेली आहे. कागदावर आहे ते. बसा तुम्ही."

"कवापास्नं हाय कागदावर?"

"झाली असतील आठ-दहा वर्षं."

या वेळी हसू जरा मोठं आलं. सरांनी टाळ्या वाजवल्या, लोकांनीही वाजवल्या, आणि सोजरबाई बसल्या. वक्त्यांचं भाषण पुढे चालू झालं.

चहाच्या वेळी मी हजेरीची वही घेऊन फिरत होते. सोजरबाईंपाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर कशाची सही?"

"काही नाही मावशी, नुसती हजेरी. कोण कोण आलं होतं त्याची."

त्यांनी पेन घेतलं. साक्षरता वर्गात त्या नाव लिहायला शिकल्या होत्या. वहीवर वाकून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी 'सोजर माळी' लिहिलं आणि वर रेघ अशी ओढली की वरच्या दोन सह्यांवरून गेली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमतंय का न्हाई?" मी म्हटलं, "छान जमतंय."

सत्काराच्या बायका निघून गेल्या. बरेचसे श्रोतेही गेले. पंधरा-सोळा जण उरले तेव्हा सर म्हणाले, "एक छोटा विषय राहिलाय." विषय असा, की वाचनालयाला लागून असलेली ती मोकळी जागा. सरस्वतीच्या मंदिराच्या भिंतीला स्वच्छतागृह शोभत नाही. दुर्गंधी येईल, वाचकांना त्रास होईल. तेव्हा त्या जागेचा 'अधिक योग्य वापर' व्हावा, अशी शिफारस मंडळाने नगरपालिकेला करावी.

मी लिहिता लिहिता थांबले. "सर, पण सोजरबाई आत्ताच…"

"बायकांसाठी दुसरीकडे जागा देतीलच की," सर शांतपणे म्हणाले. "लिही तू. सर्वानुमते."

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सर वाचनालयात आले आणि इतिवृत्ताचा मजकूर सांगू लागले. ही आमची नेहमीची रीत. मी कच्चं टिपण समोर ठेवायची, सर भाषा नीट करून द्यायचे. सोजरबाईंच्या भाषणापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे असं सगळं लिहायचं नसतं, शैलजा. वीस वर्षांनी कुणी वही उघडली तर काय वाचायचं, लघवी? लिही, 'कष्टकरी महिला प्रतिनिधी श्रीमती सोजरबाई माळी यांनी मंडळाच्या कार्याबद्दल समाधान व्यक्त केले.'"

"पण त्या तसं बोलल्या नाहीत, सर."

"बरं वाटलं, असं म्हणाल्या ना? त्याचाच अर्थ तो."

तेही मी लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात.

एप्रिलच्या शेवटी सोजरबाई मंडईतून दिसेनाशा झाल्या. शेजारी लिंबं विकणाऱ्या नूरबींना विचारलं तर म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात ठेवलंय. मूत्रपिंडाला सूज आलीय म्हणे. थंडी वाजून ताप भरला, इथंच कोथिंबिरीच्या ढिगावर पडली." मी भेटायला गेले. त्या खाटेवर बसून होत्या. चेहरा सुजलेला, पण जीभ तशीच.

"डाक्टर म्हनतो, पानी पी. दिसाला बारा गिलास पी. म्या म्हनलं, पिते की. प्याल्यावर तुज्या घरी येऊ का?"

आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

महिन्याभरात त्या पुन्हा मंडईत बसू लागल्या. जूनमध्ये एका दुपारी वाचनालयात आल्या आणि मंडईच्या फाटकावरून काढून आणलेला एक कागद टेबलावर ठेवला. "वाचा जरा. बायका म्हनत्यात ह्यात आपल्या जाग्याचं काय तरी हाय."

नगरपालिकेची जाहीर सूचना होती. मंडईमागच्या जागेवरचं स्वच्छतागृहाचं आरक्षण उठवून तिथे व्यापारी संकुल करण्याचा विचार होता. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी. मी वाचून दाखवलं. सोजरबाईंनी कागद उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "म्हंजे कागदावर हुतं, ते बी काडलं."

"हरकत घेता येते, मावशी."

"मग घ्या की. लिवा तुमी, आमी सह्या करतो."

मी त्याच टेबलावर अर्ज लिहिला. चौतीस बायकांच्या सह्या आणि अंगठे झाले. सोजरबाई म्हणाल्या, "तुमची बी करा की सही. तुमी बी बाईच हायसा."

मी म्हटलं, "माझं नाव नको, मावशी. मी नोकरीत आहे."

अर्जाची घडी घालताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवली की कानशिलं तापतात.

सुनावणी जुलैत झाली, सकाळी अकराला, नगरपालिकेच्या सभागृहात. नगररचना कार्यालयाचे एक अधिकारी जिल्ह्याहून आले होते. एका बाजूला लिगाडे, नगरपालिकेचे अभियंता आणि देवस्थळी सर. दुसऱ्या बाजूला सोजरबाई, नूरबी आणि आणखी आठ-दहा बायका, टोपल्या बाहेर ठेवून आलेल्या. मी दाराजवळच्या बाकावर बसले. मी येण्याचं काही कारण नव्हतं. सोजरबाईंनी सकाळी येऊन सांगितलं होतं, "कोन काय बोलतंय ते आमाला समजायचं न्हाई. तुमी नुसतं बसा."

अधिकाऱ्यांनी बायकांचा अर्ज वाचला आणि लिगाडेंकडे पाहिलं. लिगाडे उठले.

"साहेब, ही हरकत गैरसमजातून आली आहे. या बाबतीत आम्ही गावातल्या जबाबदार नागरिकांचं मत आधीच घेतलेलं आहे. विचारमंथन मंडळानं सहा मार्चला सर्वानुमते ठराव केला. आणि त्या बैठकीला मंडईतल्या महिलांच्या प्रतिनिधी स्वतः हजर होत्या. त्यांनी समाधान व्यक्त केलंय. इतिवृत्त जोडलंय. संमतीच्या सह्यांचं पानही जोडलंय."

संमतीच्या सह्या. मला क्षणभर कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. अधिकाऱ्यांनी फाइल उलटी करून सोजरबाईंसमोर धरली.

"ही सही तुमची?"

सोजरबाई वाकल्या. ती लांबलचक रेघ मला दारातूनही दिसत होती. माझ्या हजेरीच्या वहीचं पान होतं ते. वर कुणीतरी टाइप केलेली एक ओळ चिकटवून मग झेरॉक्स काढली होती, 'ठरावास संमती दर्शविणारे उपस्थित सदस्य व निमंत्रित'.

"माजीच हाय," सोजरबाई म्हणाल्या.

"मार्चमध्ये संमती दिलीत, आणि आता हरकत?"

"संमती? मी कवा दिली?" त्यांनी वळून माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई म्हनल्या, नुसती हजेरी हाय. म्हनून केली."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मग देवस्थळी सर उभे राहिले. आवाज तोच, वर्गातला.

"साहेब, या आमच्या वाचनालयाच्या सहायक. इतिवृत्त यांनीच लिहिलंय. शैलजा, सांग साहेबांना. हे अक्षर तुझं आहे ना?"

त्यांना वाटलं, मी हो म्हणेन आणि विषय संपेल. इतकी वर्षं त्यांनी प्रश्न विचारावा आणि मी त्यांना हवं ते उत्तर द्यावं, असंच चाललं होतं. घरी आई होती, तिचा दमा होता, आणि माझ्या नोकरीशिवाय घरात दुसरी मिळकत नव्हती. पण त्या क्षणी मला दिसत होती ती दवाखान्यातली सुजलेली बाई आणि तिच्या सहीवर चिकटवलेली ती ओळ. असा संताप मला आयुष्यात त्याआधी कधी आला नव्हता.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "मजकूर सरांचा आहे."

"शैलजा!"

"सोजरबाईंनी समाधान व्यक्त केलं नाही, साहेब. त्यांनी विचारलं की बारा तास बायकांनी लघवीला कुठं जायचं. लोक हसले. सरांनी ते लिहू दिलं नाही. आणि जागेचा विषय निघाला तेव्हा या बाई घरी गेल्या होत्या. सही त्याच्या आधीची आहे, चहाच्या वेळची, हजेरीची. वर ही ओळ नव्हती. मूळ वही वाचनालयाच्या कपाटात आहे, तुम्ही मागवून बघा. सर्वानुमते हेही खोटं आहे. मतं घेतलीच नव्हती. मी थांबून विचारलं होतं. मला लिही म्हणाले, मी लिहिलं. ती चूक माझी."

नूरबींनी माझ्या बाजूला सरकून माझा हात धरला. अधिकाऱ्यांनी शिपायाला वही आणायला पाठवलं. वाचनालय पलीकडेच. तोवर ते प्रस्तावाची पानं चाळत होते. एका पानावर थांबले.

"व्यापारी संकुलाचा पहिला मजला," त्यांनी वाचलं. "व्याख्यान सभागृह. विचारमंथन मंडळास कायमस्वरूपी वापरासाठी." त्यांनी वर पाहिलं. "हे मंडळ म्हणजे, ठराव करणारं तेच का?"

मी सरांकडे पाहिलं. मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं की त्यांना खरोखरच वाचनालयाच्या भिंतीची काळजी आहे. सोवळेपणा म्हणा, अडाणीपणा म्हणा, पण निदान तेवढा प्रामाणिक. ते तसं नव्हतं. त्यांना हॉल हवा होता. बायकांच्या सहभागावर बोलायला जागा हवी होती, आणि ती त्याच बायकांच्या जागेवर हवी होती.

"ज्ञानकार्यासाठी आहे ते," सर म्हणाले. "त्यात कुणाचा वैयक्तिक लाभ नाही."

"आमाला बी वैयक्तिक कायबी नको, सर," सोजरबाई म्हणाल्या. "समद्या बायांसाठीच मागतोय."

वही आली. अधिकाऱ्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. मग मला कोरा कागद दिला आणि म्हणाले, जे बोललात ते लिहून सही करा. मी लिहिलं. या वेळी अक्षरही माझं होतं आणि मजकूरही.

बाहेर पडताना पायऱ्यांवर सर थांबले होते. "तुला मी शिकवलं," ते म्हणाले.

"हो सर. ग्रामसभेचा धडा तुम्हीच शिकवलात."

"माझी चाळीस वर्षांची अब्रू तू एका भाजीवालीसाठी घालवलीस."

मी पायऱ्या उतरले. उत्तरं खूप होती, पण 'एका भाजीवालीसाठी' ऐकल्यावर त्या माणसाशी बोलायची इच्छाच उरली नाही.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या कार्यकारिणीने सहायकाचं पद अनावश्यक ठरवून रद्द केलं. तेही सर्वानुमते. त्या कार्यकारिणीत मंडळाचे नऊ जण होते. पारदर्शक कारभारावर, माहितीच्या हक्कावर, दुर्बळांच्या आवाजावर त्यांची भाषणं मी पानंच्या पानं उतरवून घेतली होती. त्यांतला एकही माझ्या दारात आला नाही. रस्त्यात भेटले की चपला बघत चालायचे. मी पुढे एका औषधाच्या दुकानात कामाला लागले. आईचा दमा, घरखर्च, सगळं निभावलं कसंतरी. नूरबी लिंबं द्यायच्या आणि पैसे घ्यायच्या नाहीत, त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची.

आरक्षण मात्र उठलं नाही. अधिकाऱ्यांचा अहवाल गेला आणि प्रस्ताव फेटाळला गेला. त्यानंतरही स्वच्छतागृह बांधायला नगरपालिकेला साडेतीन वर्षं लागली. सोजरबाईंनी दर सोमवारी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर जाऊन बसायचा नेम धरला होता. सोबत पाच-सहा बायका. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. साहेब बाहेर आले की विचारायच्या, "साहेब, तुमच्या हापिसात बायांचं कुटं हाय? तिकडं जाऊन येतो."

उद्घाटनाला मीही गेले. फीत लिगाडेंनी कापली. प्रमुख पाहुणे देवस्थळी सर. महिलांच्या सन्मानावर ते पंचवीस मिनिटं बोलले. भिंतीवर काळ्या दगडाची पाटी बसवली होती. 'विचारमंथन मंडळाच्या अथक पाठपुराव्याने.' मी ती दोनदा वाचली. डोकं असं भणभणलं की तिथेच ओरडावंसं वाटलं. मी सोजरबाईंना पाटी वाचून दाखवली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पाटी वाचायला कोन चाललंय तितं?"

भाषणं संपली, पेढे वाटले, पाहुणे गेले. आणि शिपायाने दाराला कुलूप लावलं. किल्ली नगरपालिकेत राहील म्हणाला. पाण्याची जोडणी झाली आहे, पण सफाईची नेमणूक व्हायची आहे. वरून हुकूम आल्यावर उघडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मंडईत गेले. वीस-पंचवीस बायका त्या दारापुढे उभ्या होत्या. सोजरबाई पुढे. त्यांच्या हातात तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन होतं.

"मावशी, सरकारी कुलूप आहे," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"पोलीस केस होईल."

"हू दे. साक्षीला तुमी हायसाच."

पहिल्या घावाला कुलूप हललं. दुसऱ्याला वाकलं. तिसऱ्याला कोयंडाच निघून आला आणि दार भिंतीवर आपटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी घोषणा दिली नाही. बायकांनी टोपल्या भिंतीशी लावून ठेवल्या आणि आपसूक रांग लागली. आत नळ सोडल्याचा आवाज आला. नूरबींनी घागर भरून दाराशी आणून ठेवली.

मी बाजूला उभी राहून बघत होते. मागून एक बाई म्हणाली, "बाई, रांगेत हाय का नुसतं बगताय? हाय तर फुडं सरा."

मी पुढे सरकले.